सैन्य पाठवा म्हणणाऱ्यांना

"सरळ सैन्य पाठवायचं आणि आठ दिवसांत निकाल लावून टाकायचा." टीव्हीवर कुठलं तरी जळणारं शहर दिसलं, तोंडाला फडकी बांधून बंदुका नाचवणारी पोरं दिसली, की आपल्या दिवाणखान्यातून हे वाक्य येतंच. देश कुठला याला महत्त्व नसतं. नकाशात तो कुठे आहे ते बोलणाऱ्याला ठाऊक असेलच असंही नाही. पूर्वी हे पुरुषांचं वाक्य होतं. आता आपण बायकाही म्हणतो. मंडळाच्या बैठकीत, भिशीत, लग्नाच्या पंगतीत. "असल्या लोकांशी बोलणी कसली करायची? मोठ्या देशांनी जाऊन चिरडून टाकावं." आणि लगेच विषय कैरीच्या लोणच्यावर.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. अतिरेक्यांची कड घ्यायची म्हणून नव्हे. शाळेतल्या पोरांच्या गळ्यात विषाची कुपी बांधणाऱ्यांबद्दल माझ्या मनात तिळाएवढी माया नाही. पण दुसऱ्याच्या देशात यादवी पेटलेली असताना बाहेरचं सैन्य अतिरेक्यांचा नायनाट करायला जातं तेव्हा नेमकं काय होतं, हे शिकायला आपल्याला अमेरिकेकडे बघायची गरज नाही. हे आपण स्वतः करून बसलो आहोत. १९८७ ते १९९०, श्रीलंकेत. साडेअकराशेच्या वर आपले जवान तिथे गेले ते परत आले नाहीत. आणि आज आपल्या मुलांना विचारा, 'शांतिसेना' म्हणजे काय? दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. आमचं बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. किल्ल्यातल्या कमल बस्तीत दर्शनाला जायचं तरी लष्कराच्या वस्तीतूनच जायचं. त्यामुळे फौजेबद्दल आदर आम्हाला कुणी शिकवावा लागत नाही. मराठ्यांच्या पलटणीही लंकेत लढल्या. म्हणूनच सांगते, या लेखात जवानाच्या विरोधात एक अक्षर नाही. जे आहे ते जवानाला पाठवणाऱ्यांच्या आणि पाठवा म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांच्या विरोधात आहे.

आधी सुरुवात बघू, कारण आपण नेहमी गोष्ट मधूनच सांगतो. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत आणि इतरत्र तमिळांची कत्तल झाली. घरं, दुकानं जाळली. माणसं जीव मुठीत धरून निघाली, त्यातली कितीतरी समुद्र ओलांडून आपल्याकडे रामेश्वरमला आली. त्यांना मंडपमच्या छावणीत आसरा दिला, हे आपल्या देशाने चांगलंच केलं. पण त्याच सुमाराला दुसरंही एक काम चालू होतं. तमिळ तरुणांच्या सशस्त्र गटांना आपल्याच भूमीवर, आपल्याच गुप्तचर यंत्रणेने लढाईचं शिक्षण दिलं. तामिळनाडूत छावण्या होत्या, उत्तरेतही होत्या. एलटीटीई हा त्यांतलाच एक गट. पुढे १९८६ मध्ये या एलटीटीईने 'टेलो' नावाच्या दुसऱ्या तमिळ गटाची पोरं रस्त्यारस्त्यांत वेचून मारली. म्हणजे हे कोण लोक आहेत ते आपल्याला १९८७ च्या आधीच कळलेलं होतं. ज्या सापाला आपल्याच वाटीतून दूध पाजलं, तो फणा काढतो म्हणून पुढे आपणच काठी घेऊन धावलो.

जून १९८७ मध्ये लंकेच्या सैन्याने जाफन्याची कोंडी केली, तेव्हा आपल्या हवाई दलाने पाच मालवाहू विमानांतून सुमारे २५ टन धान्य-औषधं खाली टाकली. लगोलग २९ जुलैला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळांना प्रांतिक सत्ता मिळणार, गटांनी शस्त्रं ठेवायची आणि भारतीय सैन्याने यावर देखरेख करायची. ऐकायला किती छान! पण त्या कागदावर सह्या दोनच. ज्या तमिळांसाठी करार, त्यांच्यापैकी एकाचीही सही नाही. एलटीटीईच्या प्रभाकरनला दिल्लीत एका हॉटेलात ठेवून घेऊन होकार वदवला होता. दोन शेजाऱ्यांनी तिसऱ्याच्या घराची वाटणी करावी आणि त्याला नंतर कळवावं, असा हा प्रकार. सिंहली लोकांनाही तो मान्य नव्हता. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, हे चित्र तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आपले जवान जाफन्यात उतरले तेव्हा तिथल्या बायकांनी त्यांना हार घातले, ओवाळलं. भारताची फौज आली, आता आपली पोरं वाचली, असं त्या माउल्यांना वाटलं. हे हार सुकायला अडीच महिनेही लागले नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एलटीटीईचे पकडलेले लोक लंकेच्या ताब्यात द्यायची वेळ आली, त्यांतल्या १२ जणांनी सायनाइड खाऊन जीव दिला. त्यानंतर एलटीटीईने पूर्वेकडे सिंहली नागरिकांना मारलं. करार फाटला. आणि १० ऑक्टोबरला शांतता राखायला गेलेल्या आपल्या सैन्याने 'ऑपरेशन पवन' सुरू केलं.

आठ दिवसांत निकाल, नाही का? ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फंट्रीच्या १३व्या बटालियनचे ३० जवान उतरवले. आपला बेत एलटीटीईने आधीच रेडिओवर ऐकलेला होता. त्या तिसांतला एकच जिवंत राहिला, तोही कैदी म्हणून. जाफना शहर घ्यायलाच दोन आठवड्यांवर दिवस गेले. तिथून परत यायला अडीच वर्षं लागली. २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते मुंबईत जन्मलेले. शौर्यात आपण कुठे कमी पडलो नाही. पण ते शौर्य खर्च कशावर झालं, हे विचारायचं नाही का?

त्या ऑक्टोबरात आपल्याकडे दिवाळीच्या करंज्या चालल्या होत्या. त्याच दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, आपलं सैन्य जाफन्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात घुसलं. आतून गोळीबार झाला, चकमकीत माणसं सापडली, असं आपल्या बाजूने सांगण्यात आलं. जे आतून जिवंत वाचले त्यांनी सांगितलं ते वेगळं होतं. डॉक्टर, नर्सा, वॉर्डबॉय, खाटेवरचे रोगी मिळून साठाच्या वर माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डॉक्टर हात वर करून, आम्ही डॉक्टर-नर्सा आहोत असं ओरडत बाहेर आला, तोही गोळीला बळी पडला. पुढे ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरै गावात एलटीटीईने आपले सहा जवान मारले. त्यानंतर गावातली साठाच्या वर साधी माणसं मेली आणि अनेक घरं जळाली.

हे लिहिलं की काही लोक लगेच अंगावर येतात. "आपल्या जवानांची बदनामी करता?" अहो, आपल्या जवानाला ज्या गल्लीत उभं केलं होतं त्या गल्लीचा विचार करा. पंजाबातलं, गढवालातलं, आपल्या चंदगड-खानापूरकडचं वीस-बावीस वर्षांचं पोर. भाषा येत नाही. समोर लुंगी नेसलेला पोरगा सायकलवरून येतोय. तो दूध घेऊन चाललाय की बॉम्ब? काल ज्या म्हातारीने पाणी दिलं, तिच्याच परसात सुरुंग निघाला. शेजारचा दोस्त पाय गमावून ओरडतोय. अशा वेळी ते पोर कुणाला ओळखणार, आणि कसं?

मला म्हणायचं आहे ते हेच. बाहेरच्या सैन्याला अतिरेकी मारता येतो, पण ओळखता येत नाही. त्याला ओळखतात ती तिथलीच माणसं. कुठल्या घरचं पोर बिघडलं, कोण धाकाने गेलं, कोणाला परत आणता येईल, हे गावातल्या बाईला जेवढं कळतं तेवढं कुठल्याही सेनापतीला कळत नाही. आणि बाहेरचं सैन्य आलं की दोन्हीकडून भरडली जातात ती हीच माणसं. अतिरेकी त्यांना सैन्याचे खबरे म्हणून मारतात, सैन्य त्यांना अतिरेक्यांचे सोबती म्हणून बडवतं. शेवटी मैदानात दोघेच उरतात, बंदूकवाला तो आणि बंदूकवाला हा.

ओळखायला आपण काय उपाय केला, तर गाव वेढायचं, सगळ्यांना उन्हात रांगेत चालवायचं आणि तोंड झाकलेला एक खबऱ्या बसवायचा. त्याने मान हलवली की तो माणूस गेला. खबऱ्या बहुतेक एलटीटीईच्या विरोधी गटातला. त्याने कुणाला वैरापोटी दाखवलं आणि कुणाला भीतीपोटी, कोण विचारणार? आपल्या घरांत भावकीच्या वादात कोण काय थराला जातं ते आपण बघतोच. तिथे तर मान हलवणं म्हणजे मरण होतं.

आपल्याकडे उपासाला फार मोल. चातुर्मासात कोण किती उपास करतं याची आपण आदराने चौकशी करतो. म्हणून त्या युद्धातले दोन उपास मला विसरता येत नाहीत. पहिला तिलीपनचा. एलटीटीईचा हा तरुण पुढारी १५ सप्टेंबर १९८७ ला नल्लूरच्या देवळापाशी भारताकडे मागण्या करत बसला. पाण्याचा थेंबही न घेता २६ तारखेला गेला. ज्या संघटनेने आपल्याच जातभाईंची पोरं मारली, तिने उपासाचंही हत्यार केलं. मी त्याला तप म्हणणार नाही. पण गांधींचा देश म्हणवणारे आपण त्या अकरा-बारा दिवसांत बघत राहिलो. तो मेला आणि जे काम हजार भाषणांनी झालं नसतं ते झालं. कालपर्यंत एलटीटीईला घाबरणारे लोकही तिच्या मागे गेले.

दुसरा उपास एका आईचा. बट्टिकलोआची पूपति, दहा मुलांची आई. तिथल्या मातांच्या संघटनेने दोन गोष्टी मागितल्या होत्या, लढाई थांबवा आणि बोलणी करा. त्यासाठी ती १९ मार्च १९८८ ला देवळाजवळ बसली आणि बरोबर महिन्याने, १९ एप्रिलला गेली. एलटीटीईने लगेच तिच्या तसबिरी लावल्या, तिला 'अन्नै', म्हणजे माता, करून टाकलं. आपण तिचं ऐकलं नाही, त्यांनी तिला वापरलं. पोरं मारू नका म्हणणाऱ्या बाईची दोन्ही बाजूंनी हीच गत होते.

आणि तिसरी बाई, जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे. रजनी तिरणगामा. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणारी डॉक्टर, दोन मुलींची आई. एकेकाळी ती एलटीटीईच्या जखमींची शुश्रूषा करत होती, त्यांच्या बाजूची होती. त्यांचं रूप कळल्यावर दूर झाली. परदेशात सुखाने राहता आलं असतं, पण लढाई चाललेल्या गावात परत आली. विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर मानवी हक्कांसाठी गट काढला, बेघर बायकांसाठी 'पूरणी' नावाचं केंद्र काढायला मदत केली. घरोघर जाऊन तिने लिहून घेतलं. भारतीय सैनिकांनी बायकांवर केलेले अत्याचार लिहिले, एलटीटीईने केलेले खून लिहिले, लंकेच्या सैन्याचेही लिहिले. कुणालाही सूट दिली नाही. 'द ब्रोकन पामायरा' या पुस्तकात ते आहे. पामायरा म्हणजे ताड, जाफन्याचं झाड. पुस्तक तिने इतर तिघांबरोबर लिहिलं. २१ सप्टेंबर १९८९ ला कॉलेजातून सायकलवर घरी येताना तिला गोळ्या घातल्या. वय ३५. एलटीटीईनेच मारलं, असं तिचे जवळचे लोक मानतात.

मैत्रिणींनो, नीट बघा. एलटीटीईला खरोखर हरवू शकेल असं जाफन्यात कोण होतं? आपले रणगाडे? नाही. ही बाई. हिच्यासारखी शे-दोनशे माणसं. आपल्याच लोकांत उभं राहून "ही आपली मुक्ती नाही" असं म्हणायची छाती असलेली. बाहेरच्या सैन्याने त्यांचं बळ वाढवलं नाही, त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली. परक्या सैन्याच्या अत्याचारांनी गाव पेटलेलं असताना "आपल्या वाघांचंही चुकतंय" असं म्हणणं म्हणजे फितुरी ठरते. अतिरेक्याला हवं असतं ते नेमकं हेच. परकं सैन्य त्याला आयतं आणून देतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. १९८९ मध्ये लंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी आपल्याला चालते व्हा म्हटलं. ज्यांना मारायला आपण गेलो त्या एलटीटीईलाच त्यांनी आपल्याविरुद्ध शस्त्रं पुरवली. ज्याच्या घरात चोर धरायला गेलात, त्यानेच चोराच्या हाती कोयता दिला! निघण्याआधी आपण आपल्या मर्जीतल्या गटांसाठी तमिळ राष्ट्रीय सेना उभी करायला लावली. त्यासाठी शाळकरी वयाची पोरं रस्त्यावरून, बसमधून जबरदस्तीने उचलली. २४ मार्च १९९० ला आपली शेवटची तुकडी जहाजावर चढली. त्या पोरांना आपण मागे ठेवलं. एलटीटीईने त्यांचं काय केलं असेल ते आईला सांगावं लागत नाही. इकडे मद्रासच्या बंदरात परतलेल्या जवानांच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला पाया पडायला वाकलेल्या एका तरुणीने राजीव गांधींना उडवलं. एलटीटीई संपली नाही. आपण निघून आल्यावर ती १९ वर्षं टिकली, आधीपेक्षा मोठी होऊन.

आमच्या ओळखीत एक बाई आहेत. खेड्यातल्या, सत्तरीकडे झुकलेल्या. नवरा लंकेत गेला तेव्हा पदरात दोन लेकरं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला शहरात येतात. एकदा म्हणाल्या, "वैनी, कारगिलवाल्यांच्या घराला लोक हात जोडत्यात. आमच्याकडं विचारत्यात, लंकेत कसली लढाई? काय सांगू?" मलाही उत्तर सुचलं नाही. कोलंबोजवळ श्रीलंका सरकारने आपल्या या जवानांचं स्मारक बांधलंय, नावांसकट. ज्यांच्या देशात गेलो त्यांनी नावं कोरली. आपण मात्र तो विषयच कपाटाच्या मागे ढकलला, कारण काढला तर विचारावं लागेल, पाठवलं कशाला होतं?

आता समोरच्यांची उत्तरं घेऊ.

पहिलं उत्तर ठरलेलं. "सैन्याचे हात बांधले होते. मोकळं सोडलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं." बरं, हात मोकळे सोडले की काय दिसतं तेही जगाने पाहिलंय. लंकेच्या स्वतःच्या सैन्याने २००९ मध्ये हात मोकळे सोडूनच एलटीटीई संपवली. त्या शेवटच्या महिन्यांत ४०,००० पर्यंत सामान्य माणसं मेली असावीत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये म्हटलं. आणि परक्या सैन्याचं बघायचं तर सीरियातलं रक्का घ्या. तिथले इस्लामिक स्टेटवाले किती क्रूर होते यावर वाद नाही. २०१७ मध्ये जून ते ऑक्टोबर अमेरिका आणि तिच्या मित्रांनी विमानांतून, तोफांतून शहर भाजलं. जगातली सगळ्यात नेमकी हत्यारं, असं सांगत होते. ॲम्नेस्टी आणि एअरवॉर्स या संस्थांनी गल्लोगल्ली हिंडून मोजलं, तर १,६०० च्या वर निरपराध माणसं मेलेली. हा हिशेब बाहेर आला तेव्हा मारणाऱ्यांच्या वहीत आकडा होता १५९. बाकीच्यांना कुणी धरलंच नव्हतं.

दुसरं उत्तर, "मग १९७१?" हो, १९७१. डिसेंबरातली १३ दिवसांची लढाई, आणि मार्च १९७२ पर्यंत आपलं सैन्य बांगलादेशातून परत. पण तिथल्या लोकांनी निवडणुकीत आपलं मत आधीच सांगितलं होतं, तिथलीच माणसं आधी लढत होती, एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्या अंगणात येऊन बसले होते, आणि समोर गणवेशातली फौज होती. आपण घराघरांत शिरून लोकांतून अतिरेकी वेचायला गेलो नव्हतो. १९७१ चा विजय दाखवून १९८७ खपवणं म्हणजे बाळंतपण सुखरूप झालं म्हणून त्याच सुईणीला हृदयाचं ऑपरेशन करायला बसवणं.

तिसरं उत्तर सगळ्यात कठीण, आणि मी ते टाळणार नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये इराकच्या सिंजार डोंगरावर याझिदी लोक तहानेने मरत होते, खाली इस्लामिक स्टेटवाले त्यांच्या बायका-मुली बाजारात विकत होते. तेव्हा अमेरिकेची विमानं आली, पाणी टाकलं, बॉम्बही टाकले. येऊ नये होतं का? यायलाच हवं होतं. आपल्या शास्त्रानेही गृहस्थाला विरोधी हिंसा, म्हणजे बचावापुरती हिंसा, नाकारलेली नाही. पण बघा, डोंगरावरून लोकांना खाली आणायची वाट कुणी काढली? जमिनीवरच्या कुर्दांनी. त्यात बायकाही बंदुका घेऊन होत्या. मरणाऱ्यांची हाक होती, मदत बचावाची होती, आणि लढणारे तिथलेच होते. घर पेटलं तर शेजाऱ्याने पाण्याची घागर घेऊन धावावं. पण आग विझल्यावर त्यांच्या माजघरात ठाण मांडून कोण चोर, कोण साव ते ठरवायला लागू नये. एवढा फरक आपल्याला स्वयंपाकघरात बसून कळतो, दिल्ली-वॉशिंग्टनला का कळू नये?

चौथं उत्तर खास माझ्यासाठी असतं. "वहिनी, तुम्ही जैन लोक. तुमचं सगळं अहिंसा. तुम्हाला युद्धातलं काय कळणार?" श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर ज्याने उभारला तो चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता, हे यांना कोणी तरी सांगा. आणि अहिंसेची गोष्ट काढलीच आहे, तर तीही पुरी ऐका. आपल्याकडे हिंसेचे हिशेब तीन ओळींत मांडतात. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केली ती, दुसऱ्याकरवी करवली ती, आणि दुसऱ्याने केली तिला 'छान झालं' म्हटलं ती. लंकेत आपल्या नावावर तिन्ही आहेत. जवानाने केली ती कृत, आणि तो ती भोगून आला, पायाने, डोळ्याने, झोपेने. छावण्या काढून पोरांना बंदुका शिकवल्या, मग त्याच पोरांवर फौज सोडली, ती कारित. ती दिल्लीत बसून झाली, तिची शिक्षा कुणाला झाली नाही. आणि तिसरी आपली. सोफ्यावरची. ती फुकटात होते, म्हणून आपण ती रोज करतो. नेता फौज पाठवतो तो आपली मान हलते म्हणूनच. जाफन्यातला तो तोंड झाकलेला खबऱ्या आठवा. मान हलवण्याने माणूस मरतो, हे तिथे उघड दिसत होतं. इथे दिसत नाही, एवढंच.

म्हणून बायांनो, पुढच्या वेळी कुणी दुसऱ्याच्या देशात फौज पाठवायचं बोललं की गप्प बसू नका. विषय लोणच्यावर नेऊ नका. तीन प्रश्न विचारा. एक, या अतिरेक्यांच्या हातात बंदुका पहिल्यांदा कुणी दिल्या? दोन, ज्यांच्या अंगणात लढायचं त्यांनी हाक मारली आहे का, की दोन राजधान्यांनी परस्पर ठरवलंय? तीन, मेलेल्यांची मोजदाद कोण करणार, आणि ती नावं कुठे लिहिली जाणार? या तिन्हींची धड उत्तरं मिळाली तर बोलू पुढचं. नाही मिळाली, तर धान्य पाठवा, औषधं पाठवा, पळून येणाऱ्यांना मंडपमसारखा आसरा द्या. आणि तिथल्या रजनीला शोधा. अशी बाई प्रत्येक जळत्या गावात असते. तिची छपाई, तिचं केंद्र, तिच्या मुलींचं शिक्षण, तिचा जीव कसा वाचवता येईल ते बघा. त्याला विमानं लागत नाहीत, पण वर्षं लागतात आणि टाळ्या मिळत नाहीत.

आणि गावात शांतिसेनेतून परत न आलेल्या जवानाचं घर असेल, तर येत्या २९ जुलैला त्या घरी जा. त्या बाईंना नवऱ्याचं नाव विचारा, पलटण विचारा, लिहून घ्या. एवढं तरी आपल्या हातात आहे.